वन अपॉन एक्स प्लस वन

बीएस्सीला गणित घेतलं तेव्हा विषयाची भीती नव्हती, तो माझ्यापर्यंत पोचणार कसा याची होती. मी पूर्ण अंध. मैत्रिणी मनापासून वाचून दाखवायच्या, पण ‘वन अपॉन एक्स प्लस वन’ ऐकलं की मी अडायचे. शेवटचा वन छेदात आहे की बाहेर? एक्सची किंमत 1 धरली तर एका अर्थाने उत्तर अर्धा येतं, दुसऱ्याने दोन. रेघ कुठे संपली हे वाचणारीला दिसतं, मला ते कोणीतरी सांगावं लागतं.

म्हणून आम्ही नियम केला: अपूर्णांक, वर्गमूळ, घात, काहीही असो, सुरू झालं की सांगायचं आणि संपलं की सांगायचं. अब्राहम नेमेथ हे अंध गणितज्ञ आपल्याला वाचून दाखवणाऱ्यांशी असंच काटेकोर बोलत, हे नंतर वाचनात आलं. गणिताची त्यांची ब्रेल पद्धत 1952 ची.

खरा अडथळा पीडीएफचा. समीकरण चित्र असेल तर स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम, ते गाळून पुढे जातो. नसेल तर एक्सचा वर्ग नुसता ‘एक्स टू’ होतो. शेवटी सरांकडे नोट्सची मूळ लॅटेक फाइल मागितली; लॅटेकमध्ये समीकरण चित्र नसतं, साध्या अक्षरांत टाइप केलेलं असतं. त्यांनी लगेच दिली. पॅनडॉक या फाइलचा प्रकार बदलणाऱ्या प्रोग्रामने तिचं मॅथएमएल (वेबपानावर गणित लिहायची भाषा) असलेलं वेबपान केलं आणि एनव्हीडीए या माझ्या स्क्रीन रीडरमध्ये गणित वाचणारं मॅथकॅट हे ॲड-ऑन टाकलं. दोन्ही फुकट.

वर्गसमीकरणाचं सूत्र आलं. एनव्हीडीएची ठरलेली की, ऑल्ट आणि एम एकत्र दाबून आत शिरले. खालचा बाण, अंश. पुन्हा खाली, मग उजवीकडे सरकत वर्गमूळ. त्याच्या आत बी वर्ग वजा फोर एसी, एवढंच. टू ए बाहेर, छेदात. हवं तिथे थांबता आलं, मागे जाता आलं, कोणालाही ‘परत वाच ना’ न म्हणता. नुसतं ऐकवणं पुरत नाही, हे फिरणं हातात हवं.

पुण्याच्या टी. व्ही. रामन यांनी 1994 मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात पीएचडीसाठी लॅटेक वाचणारी प्रणाली केली, त्यात घातांकाला आवाजाची पट्टी चढायची. स्वतः अंध असलेल्या माणसालाच हे सुचावं, यात मला नवल वाटत नाही.

परीक्षेत मात्र अजून लेखनिक. तो गणिताचा नसतो, म्हणून आदल्या दिवशी त्याला बसवून आमचे नियम घोटवून घेते. मॅट्रिक्स ओळीओळीने, प्रत्येक ओळ संपली की ‘ओळ संपली’. प्राध्यापकांना एवढंच सांगणं आहे: पीडीएफसोबत मूळ फाइलही देत जा.