रामभाऊ की रामचंद्र?

मागच्या दिवाळीत मखमलाबादला घरी होतो. आप्पांचं शेतकरी ओळखपत्र काढायचं होतं. त्यात आधार आणि सातबारा जोडतात. सातबाऱ्यावर आप्पांच्या वडिलांचं नाव रामभाऊ, आधारवर रामचंद्र. अख्खा गाव आजोबांना दोन्ही नावांनी ओळखायचा, पण कागदावर ती दोन माणसं झाली. मग स्टॅम्प पेपर, नोटरी, ‘दोन्ही नावांची व्यक्ती एकच’ असं प्रतिज्ञापत्र. ऐन छाटणीच्या दिवसांत सत्तरीतले आप्पा पिशवी घेऊन तीनदा नाशिकला जाऊन आले.

मी एस्टोनियाच्या राजधानीत, टॅलिनला, परतलो आणि त्याच आठवड्यात घर बदललं. नवा पत्ता लोकसंख्या नोंदवहीत एकदा भरला. पुढे फॅमिली डॉक्टरकडे गेलो तर तिथे तो आधीच पोचलेला.

एस्टोनियात सगळी माहिती एकाच कोठारात असेल असं मला आधी वाटायचं. तसं नाही. प्रत्येक खातं आपापली नोंदवही सांभाळतं आणि लागेल ती माहिती 2001 पासून चालू असलेल्या एक्स-रोड या माहितीच्या देवाणघेवाणीच्या जाळ्यावरून दुसऱ्या खात्याकडे मागतं. तीच माहिती गोळा करायला वेगळी नोंदवही उघडायला कायद्यानेच बंदी आहे. म्हणजे पत्ता कोणत्या खात्याने सांभाळायचा, जन्मतारीख कोणत्या, हे आधी ठरलंय. शिवाय प्रत्येकाला 11 आकडी क्रमांक असतो, त्यामुळे माणूस नावाच्या स्पेलिंगवरून शोधावा लागत नाही. खरं काम हे ठरवण्याचं आहे, ॲप नंतरचं.

एस्टोनिया 13 लाख लोकांचा, आपला नाशिक जिल्हाच 2011 च्या जनगणनेत 61 लाखांचा, त्यामुळे तुलना चुकीची असं मित्र म्हणतात. मला पटत नाही. यूपीआयसाठी आपल्या बँका एका पद्धतीवर आल्याच ना? मखमलाबाद नाक्यावरच्या भाजीवालीला समोरच्याची बँक कोणती हे विचारावं लागत नाही. महसूल आणि आधारनेही नाव कसं लिहायचं, चूक कोणी दुरुस्त करायची, एवढं एकत्र बसून ठरवावं. त्यासाठी म्हाताऱ्या माणसाला खेपा नकोत.

रविवारी फोनवर आप्पांना इथली आणखी एक सोय सांगितली: माझी नोंद कोणत्या खात्याने कधी उघडली, ते मला घरबसल्या दिसतं. आप्पा थोडा वेळ गप्प राहिले.

“म्हणजे आपला सातबारा कोणी बघितला, तेही कळेल?”

“इथल्यासारखं झालं तर कळेल, आप्पा.”

“मग ते आधी आणा.”