आमची वाटचाल: अहवालाखाली कुणाचं नाव?

फर्म सुरू केल्यापासूनच्या पहिल्या दोन वर्षांत बंद दाराआडच्या कार्यक्रमांना प्रवेश मागितल्यावर मी सगळ्यात जास्त वेळा वाचलेलं वाक्य म्हणजे, "तुमची विनंती मिळाली आहे, आयोजकांच्या मंजुरीनंतर कळवू." कळवायचे क्वचितच. कार्यक्रम होऊन जायचा, त्याचे फोटो दिसायचे आणि आमची विनंती तशीच प्रलंबित असायची.

आमचं काम स्मार्ट कॉन्ट्रॅक्टच्या ऑडिटचं, म्हणजे ब्लॉकचेनवर आपोआप चालणाऱ्या, पैसे हाताळणाऱ्या कोडमधल्या त्रुटी शोधण्याचं. २०१८ मध्ये आम्ही दोघा भागीदारांनी सुरुवात केली, तेव्हा ऑडिटची गरज कुणाला पटवून द्यावी लागत नव्हती. जून २०१६ मध्ये इथेरियम या ब्लॉकचेनवरच्या 'द डाओ' या सामायिक गुंतवणूक निधीतून सुमारे ३६ लाख ईथर (इथेरियमचं चलन) बाहेर काढले गेले होते, आणि चूक होती क्रमाची: कॉन्ट्रॅक्ट आधी पैसे पाठवत होतं आणि खात्यातली शिल्लक नंतर कमी करत होतं. नोव्हेंबर २०१७ मध्ये पॅरिटी कंपनीच्या मल्टिसिग (एकाहून जास्त सह्या लागणाऱ्या) डिजिटल वॉलेटची सामायिक लायब्ररी, म्हणजे सगळ्या वॉलेटचा समान कोड, एका वापरकर्त्याच्या हातून नष्ट झाली आणि ५ लाखांहून जास्त ईथर गोठून बसले. कोड एकदा ब्लॉकचेनच्या साखळीवर चढला की मागे घेता येत नाही, ही भीती सगळ्यांच्या मनात ताजी होती.

त्यामुळे काम मिळायचं, पण मोठ्या फर्मच्या हाताखालचं. तपासायचं आम्ही, अहवाल जायचा त्यांच्या नावाने. गोपनीयतेचा करार असा, की हे काम आम्ही केलं असं चारचौघांत म्हणायचीही सोय नाही. पैसे वेळेवर मिळत होते, म्हणून आम्हाला त्यात काही खटकलं नाही. ते खटकायला हवं होतं.

बंद दाराआडच्या कार्यक्रमांची एवढी ओढ कशासाठी, ते सांगतो. इथेरियमची डेव्हकॉन २०१४ मध्ये बर्लिनला सुरू झाली. तिच्यासारख्या मोठ्या परिषदांना तिकीट काढून कुणीही जाऊ शकतो. ओपन सोर्समध्ये (सगळ्यांना खुल्या असलेल्या कोडवर) काम केलेलं असेल तर तिथे सवलतीचं तिकीटही मागता येतं. पण परिषदेच्या आठवड्यात आजूबाजूला वीस-तीस जणांच्या बैठका भरतात. कुठला प्रोटोकॉल (अशा कॉन्ट्रॅक्टवर चालणारी सेवा) काय बांधतोय, कुणाला कसला हल्ला दिसलाय, पुढचं ऑडिट कुणाकडे द्यायचं, या गोष्टी तिथे बोलल्या जातात. त्या खोलीत नसलेल्या फर्मला काम कळतं ते दुसऱ्याने नाकारल्यावर.

अशा बैठकांच्या अर्जात साधारण तीन रकाने असतात: संस्था, हुद्दा आणि केलेल्या कामाची लिंक. पहिले दोन आम्ही थाटात भरायचो. तिसऱ्यात आमच्या वेबसाइटचा पत्ता. वेबसाइटवर हस्तांदोलनाचं विकत घेतलेलं छायाचित्र आणि 'विश्वासार्ह' हा शब्द चार ठिकाणी.

मग आम्ही पैशाने वाट काढून पाहिली. एका कार्यक्रमात भाषणाची वीस मिनिटं विकत मिळत होती, ती घेतली. समोर अकरा माणसं होती, त्यातली चार पुढच्या भाषणांचे वक्ते. हजेरीची पीओएपी नावाची डिजिटल पदकंही वॉलेटमध्ये गोळा केली. ती दिसायला गोड असतात, आणि आपण त्या दिवशी तिथे होतो एवढंच सिद्ध करतात. तिथे आपण काय केलं, याबद्दल ती गप्प असतात.

एका आयोजकाने मात्र उत्तर देण्याचे कष्ट घेतले. त्याचा सूर असा होता, की तुम्ही वाईट आहात असं माझं म्हणणं नाही, पण तुम्ही कोण आहात हे मला तपासता येत नाही. तेव्हा मला राग आला होता. २०२२ मध्ये रोनिन ब्रिजवरून (दोन ब्लॉकचेनमध्ये पैसे हलवणाऱ्या सेवेतून) १,७३,६०० ईथर आणि २ कोटी ५५ लाख यूएसडीसी (डॉलरशी जोडलेलं डिजिटल चलन) चोरीला गेले, तेव्हा तो राग निवळला. ९ पैकी ५ व्हॅलिडेटरच्या (व्यवहार मंजूर करणाऱ्यांच्या) गुप्त किल्ल्या चोरांच्या हाती लागल्या होत्या, आणि आत शिरकाव झाला तो एका अभियंत्याला नोकरीचा खोटा प्रस्ताव पाठवून, असं नंतर वृत्त आलं. या क्षेत्रात अनोळखी, चटपटीत, ओळख वाढवायला उत्सुक असलेल्या माणसाकडे संशयाने पाहण्याला कारण आहे. आमचे अर्ज नेमके अशाच माणसाचे वाटत होते.

तपासता येईल असं काय आहे आपल्याकडे, हे शोधायला बसलो तर पाटी कोरी. जुन्या ग्राहकांना एकेक करून विचारलं, की अहवाल जाहीर करू का? एकाने होकार दिला, बाकीच्यांनी करारावर बोट ठेवलं. त्या एका अहवालावर आमची फर्म जगासमोर आली म्हणायची.

पुढचं काम सावकाशीचं होतं. स्लिथर हे कोडच्या विश्लेषणाचं साधन २०१८ पासून ओपन सोर्स आहे आणि आम्ही ते रोज वापरत होतो. ते कुठे विनाकारण इशारा देतं याच्या नोंदी आमच्या वहीत पडून होत्या. प्रत्येक नोंदीसाठी दहा-बारा ओळींचं छोटं उदाहरण लिहून ते आम्ही गिटहब या कोड मांडायच्या संकेतस्थळावर मांडायला लागलो. इथेरियमच्या मुख्य विकासकांच्या बैठका खुल्या असतात, कुणीही ऐकू शकतो. त्या ऐकून प्रस्तावित बदलांवर चाचण्या लिहिल्या. यातलं काहीही चमकदार नव्हतं, कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पण अर्जातल्या तिसऱ्या रकान्यात टाकायला काहीतरी जमत होतं.

२०२१ मध्ये कोडफोरअरीनासारख्या जाहीर ऑडिट स्पर्धा सुरू झाल्या. कोड सगळ्यांसमोर, मुदत ठरलेली, परीक्षक बगची तीव्रता ठरवणार आणि निकाल उघड्यावर. आमच्यासारख्यांना हे मैदान फार सोयीचं, कारण तिथे कुणी हुद्दा विचारत नाही. पहिल्या स्पर्धेत आमच्या हाती फारसं लागलं नाही. जे सापडलं ते आणखी कित्येकांना सापडलेलं. आमच्यातली सगळ्यात तरुण सहकारी मात्र चिकाटीची. तिने टोपणनावाने खातं उघडलं आणि रात्री जागून स्पर्धा खेळत राहिली. हळूहळू गुणतक्त्यात तिचं टोपणनाव वर सरकू लागलं. फर्मचं नाव कुठेच नव्हतं. खरं सांगायचं तर मला ते बोचत होतं.

याच सुमारास माझी चूक झाली.

एका ग्राहकाच्या व्हॉल्टचं ऑडिट होतं. ठेव ठेवा, बदल्यात हिस्से घ्या, अशी रचना. त्याच तरुण सहकारीने मसुद्यात नोंद केली होती: पहिला ठेवीदार अगदी १ वेई (ईथरचा सगळ्यात छोटा अंश) ठेवून एक हिस्सा घेईल, मग टोकन परस्पर व्हॉल्टच्या पत्त्यावर पाठवून त्या एका हिश्शाची किंमत फुगवेल. त्यानंतर येणाऱ्याच्या हिश्शांचा भागाकार एकापेक्षा कमी येईल, अपूर्णांक सोडून दिला जाईल आणि त्याला शून्य हिस्से मिळतील, आणि त्याचे पैसे पहिल्याच्या हिश्शात जमा होतील. मी म्हटलं, यासाठी हल्लेखोराला आधी स्वतःचे पैसे गुंतवावे लागतील, एवढा खटाटोप कोण करणार? आणि नोंद गाळली. अहवाल गेला. व्हॉल्ट सगळ्यांसाठी खुला होण्याआधी एका बाहेरच्या संशोधकाने तीच त्रुटी ग्राहकाला खासगीत कळवली. कुणाचे पैसे बुडाले नाहीत, ते त्याच्यामुळे. आमच्यामुळे नाही.

ग्राहकाने सौजन्याने विचारलं, "हे तुम्हाला दिसलं नव्हतं का?" दिसलं नव्हतं असं म्हणून वेळ मारून नेता आली असती. माझ्या भागीदाराचंही मत आधी तेच होतं. पण मसुद्याच्या इतिहासात ती नोंद, तिची तारीख आणि माझं ती गाळणं, सगळं नोंदलेलं होतं. आम्ही ग्राहकाला ते दाखवलं, दुरुस्ती झाल्यावर त्याच्या परवानगीने लेख लिहिला: त्रुटी काय होती, कुणाला सापडली होती आणि कुणी का गाळली. तिच्या टोपणनावासकट, माझ्या खऱ्या नावासकट.

त्यानंतर दोन महिन्यांत आम्ही अर्ज न करता पहिलं निमंत्रण आलं. सुरक्षा संशोधकांची पंचवीसेक जणांची बैठक. निमंत्रण तिच्या टोपणनावाने होतं.

ओळख पटवण्याची पद्धत मला आवडली. आयोजकांनी एक वाक्य पाठवलं. स्पर्धेची बक्षिसं ज्या वॉलेटमध्ये जमा झाली होती, त्याच्या प्रायव्हेट कीने (गुप्त डिजिटल किल्लीने) तिने त्यावर सही करून परत पाठवलं. पासपोर्ट नाही, व्हिजिटिंग कार्ड नाही. काम करणारी आणि येणारी व्यक्ती एकच आहे, एवढंच त्यांना हवं होतं.

मी लगेच विचारलं, "बरोबर आणखी एकजण चालेल का, असं विचारशील?"

"नाही विचारणार, सर," ती म्हणाली. "तुम्ही वेगळा अर्ज करा ना. पण लिंक काय द्याल?"

मी हसलो, पण ते हसू जरा उशिरा आलं.

बैठक चॅटम हाउसच्या नियमाने होती. १९२७ पासूनचा हा नियम: ऐकलेलं वापरा, पण कोण बोललं ते बाहेर सांगू नका. तिने तो काटेकोर पाळला, त्यामुळे आत काय झालं हे मला आजही नीट माहीत नाही. एवढं माहीत आहे, की पुढच्या वर्षीची दोन कामं त्या खोलीतल्या लोकांकडून आली आणि दोघांनीही आमची ही सहकारी तपासणीत असणार का, हे आधी विचारलं.

माझ्या भागीदाराने तेव्हा विचारलेला प्रश्न रास्त होता. "उद्या ती सोडून गेली तर?" गेली तर ती दारं तिच्याबरोबर जातील. तरीही आम्ही उलट दिशेने गेलो. आता आमच्या प्रत्येक अहवालावर तपासणाऱ्यांची नावं किंवा टोपणनावं छापली जातात आणि करारात तसं कलम असतं. हाताखालचं निनावी काम घेणं बंद केलं. त्यात दोन जुने ग्राहक गेले, आणि त्या तिमाहीत आम्ही दोघा भागीदारांनी पगार उचलला नाही. वेबसाइटवरचं हस्तांदोलन काढलं, आणि ज्या कार्यक्रमांना गेलो त्यांची बोधचिन्हं मिरवायचीही नाहीत असं ठरवलं.

ती अजून आमच्याकडे आहे. पुढच्या परिषदेच्या आठवड्यात तिला तीन ठिकाणी बोलावणं आहे. मी एका ठिकाणी अर्ज केला आहे, तिसऱ्या रकान्यात त्या व्हॉल्टवरच्या लेखाची लिंक देऊन. उत्तर आलं आहे: आयोजकांच्या मंजुरीनंतर कळवू.