पुसून न निघणारं दूध

सहा आठवड्यांच्या बाळाची जीभ पांढरी दिसली की घरात सगळे म्हणतात, दूध असेल. दूध जिभेच्या मधोमध एकसारखं बसतं आणि ओल्या मऊ फडक्याने निघतं. इथे गालांच्या आत आणि हिरड्यांवर फुटलेल्या दह्यासारखे ठिपके होते, पुसले तरी हलत नव्हते. मी फडकं बाजूला ठेवलं. खरवडलं तर खालून रक्त येतं. ही कॅन्डिडा नावाची बुरशी. अँटिबायोटिकचा कोर्स झाला असेल तर तिचं आणखी फावतं.

सासूबाईंनी टाकणखाराची लाही मधात खलायला काढली होती. तिथे मात्र ठाम नाही म्हटलं. टाकणखार म्हणजे बोरॅक्स. रोज थोडा थोडा पोटात गेला तर तान्ह्या बाळाला झटके येऊ शकतात. मधाने बोट्युलिझमचा (जंतूच्या विषाने अंग लुळं पडण्याचा) धोका, म्हणून तो वर्षाच्या आत चाटवतसुद्धा नाहीत. घरात मोठ्यांसाठी आणलेलं मिकोनाझोल या बुरशीवरच्या औषधाचं जेल होतं, तेही वापरलं नाही. त्याचा चिकट गोळा घशात अडकू शकतो, म्हणून ४ महिन्यांच्या आत ते नको.

डॉक्टरांनी निस्टॅटिनचं पातळ औषध लिहून दिलं: १ मिलीत १ लाख युनिट, दर वेळी १ मिली, दिवसातून ४ वेळा. हे रक्तात जवळजवळ जातच नाही, बुरशीला जिथे लागेल तिथेच काम करतं. पाजण्याआधी दिलं की दूध ते धुऊन नेतं. म्हणून आधी पाजायचं, ढेकर काढायचा, बाटली चांगली हलवायची (औषध तळाशी बसतं), मग अर्धं एका गालात, अर्धं दुसऱ्या गालात आणि स्वच्छ बोटाने हिरड्यांवर फिरवायचं. घशाकडे पिचकारी मारायची नाही. ड्रॉपर तोंडाला लागला तर तसाच बाटलीत बुडवायचा नाही, धुवायचा.

चौथ्या दिवशी तोंड स्वच्छ दिसतं आणि औषध बंद होतं, चूक इथेच होते. ठिपके गेल्यावरही ४८ तास चालू ठेवायचं.

आईची स्तनाग्रं चुरचुरत असतील तर तिलाही त्याच दिवशी दाखवायचं, नाहीतर बुरशी दोघांत फिरत राहते. पाजणं थांबवायचं नाही. मलम मिळालं तर पाजून झाल्यावर लावायचं, उरलेलं पुढच्या वेळेआधी पुसायचं. चोखणी आणि बाटलीची बोंडं रोज १० मिनिटं उकळायची.

७ दिवसांत फरक नाही, बाळ दूध ओढत नाही, लंगोट कमी ओले होतात किंवा ताप ३८ अंश सेल्सियसवर गेला, तर थांबायचं नाही, डॉक्टरांना गाठायचं. जांघेच्या घडीत लालभडक पुरळ आणि कडेला सुटे ठिपके असतील तर तेही त्यांना दाखवायचं. तीच बुरशी असते, पण मलम वेगळं लागतं.