ब्लू नोटच्या तबकड्यांचा रविवार

आजचा रविवार मी ब्लू नोट या एकाच कंपनीच्या जुन्या जॅझ तबकड्या ऐकण्यात घालवला. बर्लिनहून न्यूयॉर्कला आलेल्या आल्फ्रेड लायन यांनी १९३९ मध्ये ही कंपनी सुरू केली, आणि छायाचित्रकार फ्रान्सिस वुल्फ लवकरच त्यांना येऊन मिळाले. ध्वनिमुद्रणापूर्वीच्या तालमींचेही पैसे वादकांना देण्याची त्यांची पद्धत होती, आणि तिचे फळ ‘ब्लू ट्रेन’ या अल्बममध्ये स्पष्ट ऐकू येते. त्यात जॉन कोल्ट्रेनचा सॅक्सोफोन, ली मॉर्गनचा ट्रम्पेट आणि कर्टिस फुलरचा ट्रॉम्बोन सुरुवातीची धून इतक्या एकजिनसीपणे वाजवतात की तिन्ही वाद्यांचा मिळून एकच श्वास असावा असे वाटते. मॉर्गन तेव्हा अवघा १९ वर्षांचा होता! १९५७ चे हे ध्वनिमुद्रण रूडी व्हॅन गेल्डर यांनी न्यू जर्सीतील हॅकेन्सॅक येथे, आपल्या आईवडिलांच्या घराच्या दिवाणखान्यात केले. पोटापाण्यासाठी ते दिवसा डोळे तपासण्याचा व्यवसाय करीत.

‘समथिंग एल्स’ हा अल्बम सॅक्सोफोनवादक कॅननबॉल ॲडर्लीच्या नावावर असला, तरी त्यातल्या ‘ऑटम लीव्ह्ज’ या धुनेमधला माइल्स डेव्हिसचा दबक्या आवाजातला ट्रम्पेट ऐकल्यावर यजमान कोण आणि पाहुणा कोण, असा प्रश्न पडतो.

मात्र माझी पहिली पसंती एरिक डॉल्फीच्या १९६४ च्या ‘आउट टू लंच’लाच आहे. त्यात नेहमीच्या पियानोऐवजी बॉबी हचर्सनचा व्हायब्राफोन (धातूच्या पट्ट्यांवर काठ्यांनी वाजवायचे वाद्य) आहे, त्यामुळे सुरांच्या मध्ये भरपूर मोकळी जागा राहते, आणि त्या जागेत डॉल्फीचा बास क्लॅरिनेट मनसोक्त वाकडातिकडा धावतो.