मागाच्या शेडीतली रोपं : आमची वाटचाल

बेळगावच्या वडगावात आमचे कापड विणायचे दोन माग होते. बारा वर्षांपूर्वी ते विकले आणि शेड मोकळी पडली. यजमानांच्या मनात भाडेकरू ठेवायचा होता. मी म्हटलं, फुलझाडांची रोपं करून विकायला मला एक हंगाम द्या. माहेरी परसात झेंडू, कोंबडा, गुलमेंदी दरसाल बियांपासूनच व्हायची. तेवढ्या जोरावर झिनिया आणि पेट्यूनियाचे पन्नास ट्रे भरले.

शेडीत उजेड कमी. चौथ्या-पाचव्या दिवशी झिनिया वर आली, पण आठवड्यात दोऱ्यासारखी बारीक होऊन सगळी खिडकीकडे कलली. पेट्यूनिया तर उगवलीच नाही, कारण तिच्यावर मी माती लोटली होती. तिचं बी खसखशीहून बारीक, ग्रॅमभरात दहा हजारांच्या आसपास भरतं. ते ओल्या कोकोपीटवर, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशावर, नुसतं भुरभुरायचं, झाकायचं नाही. उजेड मिळाला तरच रुजतं. त्या दिवाळीत यजमानांनी स्वतः वर चढून साधी कौलं काढली आणि काचेची बसवली.

विलायती बियांच्या पाकिटांवर लिहिलेलं असतं, हिम पडायचं थांबल्यावर लावा. झेंडू, झिनिया, कॉसमॉस ही मूळ मेक्सिकोकडची फुलं. हिमाच्या एका रात्रीत ती जळतात, म्हणून तिकडे त्यांना नाजूक म्हणतात. बेळगावात हिम कुठलं? डिसेंबरात पहाटेचा पारा साधारण 14-15 अंशांवर येतो. इथं रोपाला मारतो तो पाऊस. हे कळायला आम्हाला तिसरं वर्ष उजाडलं.

त्या जुलैत गणपतीसाठी आगाऊ पैसे घेतले होते. कुजलेलं म्हणून घेतलेलं शेणखत अर्धं कच्चंच होतं, पोत्यात हात घातला तर आत ऊब लागत होती. तरी मी ते वापरलं, वर संध्याकाळी पाणी देत राहिले. सकाळी बघते तर देठ मातीलगत तपकिरी, तारेसारखा बारीक झालेला, वरची पानं मात्र अजून हिरवी. दोन रात्रींत 140 ट्रे आडवे झाले. सगळ्यांचे पैसे परत केले. यजमान रात्री उशिरापर्यंत ट्रे धूत बसले होते, मला एक शब्द बोलले नाहीत.

तेव्हापासून पाणी सकाळीच, तेही खालून: ट्रे घमेल्यातल्या पाण्यात ठेवायचा, वरची माती ओली दिसली की उचलायचा. कोकोपीट तीन पाण्यांनी धुऊन घेतो, त्यातला खार जायला हवा. दसऱ्याच्या झेंडूसाठी पंचांगात दसरा बघून साठ-पासष्ट दिवस मागं मोजते आणि छपराखाली पेरते. झिनियाला मुळं हलवलेली सोसत नाहीत. म्हणून गणपती गेल्यावर, पावसाचा जोर ओसरला की तिचं बी थेट वाफ्यात टाका असं सांगते. गर्दीनं लावू नका, वारा खेळला नाही तर पानांवर भुरी, म्हणजे पांढऱ्या पिठासारखी बुरशी, येते.

रोप देताना आधी माती विचारतो. शहापूर, वडगाव, येळ्ळूरची काळी माती बासमतीची, पाणी धरून ठेवणारी. तिथं वाफा वीतभर उंच हवा. खानापूरकडं पाऊस जास्त, तिथल्या गिऱ्हाइकांना पावसाळ्यात कुंड्या वळचणीपासून आत घ्यायला सांगतो. रोपांच्या चिठ्ठ्या मराठी-कन्नड दोन्ही भाषांत लिहितो. कन्नड गिऱ्हाईक ‘चेंडू हूव’ मागतं, आम्ही झेंडू देतो. शब्द किती जवळचे आहेत बघा की.

आता चार बायका रोजच्या कामाला आहेत. बी टोचायला त्यांच्याइतका हलका हात माझाही नाही.

संकरित झेंडूचं बी धरू नका, पुढच्या वर्षी तसंच फूल येत नाही, हे आम्ही तोटा सोसूनही सांगतो. गुलमेंदीचं मात्र जरूर धरा. माहेरच्या गुलमेंदीचं बी आम्ही विकत नाही, रोपं न्यायला आलेल्याला पुडीत बांधून देतो. बोंडं फुगून पिवळसर झाली की मुठीत धरूनच तोडायची. नुसतं बोट लागलं तरी ती फुटतात आणि बी अंगणभर उडतं.