साय-कायचा अर्ज: ऑक्टोबरच्या नोंदी

१२ ऑक्टोबर, रविवार

मिडटर्म उरकत आल्या की अमेरिकेतल्या कितीतरी मानसशास्त्र विभागांत साय-काय (Psi Chi) या मानसशास्त्राच्या ऑनर सोसायटीच्या, म्हणजे चांगले गुण असलेल्या विद्यार्थ्यांना सदस्य करून घेणाऱ्या संस्थेच्या, अर्जाची मुदत जाहीर होते, आणि मराठी घरांतून ठरलेला प्रश्न येतो: मुलीला बोलावणं आलंय, पैसे भरायला सांगताहेत, हे खरं आहे ना? शंका रास्त आहे. ‘तुमची निवड झाली’ असं कळवून पैसे मागणाऱ्या ऑनर सोसायट्या पुष्कळ आहेत. साय-काय त्यांतली नाही. ४ सप्टेंबर १९२९ रोजी येल विद्यापीठात मानसशास्त्राची नववी आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती, तिथं ही संस्था स्थापन झाली. मुख्यालय टेनेसीतल्या चॅटनूगा इथं आहे. तरी खात्री करायची असेल तर इतिहास वाचत बसू नये, विभागात जावं. चॅप्टर, म्हणजे संस्थेची स्थानिक शाखा, त्या-त्या कॉलेजाचा असतो आणि त्याला सल्लागार प्राध्यापक असतात. त्यांना प्रत्यक्ष भेटता येतं. ज्या बोलावण्यामागे विभागातलं कुणीच नाही, तिथं एक डॉलरही भरू नये.

बीएच्या विद्यार्थ्यासाठी अटी अशा: मानसशास्त्र मेजर (मुख्य विषय) किंवा मायनर (दुय्यम विषय), तीन सेमिस्टर पूर्ण, मानसशास्त्राचे किमान ९ क्रेडिट पूर्ण, एकूण जीपीए (४ पैकी ग्रेडची सरासरी) आणि मानसशास्त्राचा जीपीए, दोन्ही किमान ३.०, शिवाय आपल्या वर्गात, म्हणजे आपल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांत, वरच्या ३५ टक्क्यांत स्थान. चॅप्टरला याहून कडक अटी घालता येतात, सैल करता येत नाहीत. ‘पूर्ण’ म्हणजे ग्रेड लागलेली. चालू सेमिस्टरचे विषय धरत नाहीत, म्हणून ९ क्रेडिटचा हिशेब करताना बरेच जण एका कोर्सने कमी पडतात.

खरी अडचण होते ती शेवटच्या अटीपाशी. ३.० हा तळ आहे, कट-ऑफ नव्हे. सोफोमोर (दुसरं वर्ष), ज्युनिअर (तिसरं), सिनिअर (चौथं) अशा प्रत्येक वर्गाचा वरच्या ३५ टक्क्यांचा आकडा वेगळा निघतो आणि तो त्या कॉलेजातल्या गुणांवर ठरतो. जिथं ग्रेड सढळ हाताने दिल्या जातात तिथं हा आकडा ३.६ च्याही वर जाऊ शकतो. मग ३.४ वाल्याला नकार येतो आणि घरच्यांना वाटतं काहीतरी गडबड झाली. गडबड नसते. अर्ज भरायच्या आधी सल्लागारांना एकच विचारावं: माझ्या वर्गाचा या वर्षीचा कट-ऑफ किती?

दुसरी गफलत मानसशास्त्राच्या जीपीएची. ट्रान्स्क्रिप्टवर (गुणपत्रकावर) तो वेगळा छापलेला नसतो, हाताने काढावा लागतो, आणि लोक ग्रेडची साधी सरासरी काढून मोकळे होतात. समजा ३ क्रेडिटचे तीन कोर्स आहेत, ग्रेड ए, बी आणि सी प्लस, म्हणजे ४.०, ३.० आणि २.३. सरासरी ३.१, छान. आता लॅबसह ४ क्रेडिटचं स्टॅटिस्टिक्स, ग्रेड बी मायनस, २.७. साधी सरासरी अगदी ३.० येते. क्रेडिटने गुणून काढली तर १२ अधिक ९ अधिक ६.९ अधिक १०.८, म्हणजे ३८.७ भागिले १३, उत्तर २.९८. अर्ज बाद. स्टॅटिस्टिक्सला एक क्रेडिट जास्त असेल तर त्याची ग्रेडही जास्त ओढते, म्हणून त्या एका विषयाकडे आधीपासून लक्ष हवं. स्टॅटिस्टिक्स गणित विभागाकडून घेतलं असेल तर मानसशास्त्रात धरतात का, हेही आधीच विचारून घ्यावं.

भारतातून थेट एमएस किंवा पीएचडीला आलेल्यांना वाटतं की मुंबई-पुण्याच्या विद्यापीठाचे टक्के जीपीएत बदलून द्यावे लागतील. त्याची गरज पडत नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्याचा इथल्या पदव्युत्तर कोर्सचा जीपीए बघतात आणि तो किमान ३.० लागतो. मात्र पहिल्या सेमिस्टरच्या ग्रेड लागेपर्यंत दाखवायला काही नसतं. त्यामुळे पहिल्याच ऑक्टोबरात धावपळ करण्यात अर्थ नाही.

१३ ऑक्टोबर, सोमवार

अर्ज ऑनलाइन असतो आणि त्यात आपला चॅप्टर निवडायचा असतो. भरलेली माहिती चॅप्टर ट्रान्स्क्रिप्टशी पडताळून पाहतो, मंजुरी देतो, मग सदस्य म्हणून नाव लागतं. फी एकदाच भरायची आणि सदस्यत्व आजन्म; मुख्यालयाच्या फीवर काही चॅप्टर स्वतःची थोडी रक्कम लावतात. काम अडतं ते बहुतेकदा पडताळणीत, कारण ते सल्लागार आणि विद्यार्थी-पदाधिकारी आपापला अभ्यास सांभाळून करतात. मुदतीच्या दिवशी अर्ज टाकला आणि नव्या सदस्यांचा समारंभ आठवड्यावर असला, तर प्रमाणपत्र त्या वेळेपर्यंत हातात येईलच असं नाही.

मला सगळ्यात कळकळीनं सांगावंसं वाटतं ते वेळेबद्दल. पदवी घेऊन शिक्षण सोडल्यावर सदस्य होता येत नाही, हे अनेकांना उशिरा कळतं. शेवटच्या सेमिस्टरला सदस्य होता येतं, पण तेव्हा हाती प्रमाणपत्र आणि पदवीदानाच्या गाऊनवर घालायची दोरी एवढंच राहतं. संस्थेची खरी मदत संशोधनाला आहे: सदस्य विद्यार्थ्यांना अनुदानं, पुरस्कार, परिषदांना जायला प्रवासखर्च. यातल्या प्रत्येकाची मुदत वेगळी आणि अर्ज करताना सदस्यत्व आधीच असावं लागतं. शिवाय माणसांवर प्रयोग करायचा तर आयआरबीची, म्हणजे कॉलेजच्या संशोधन-नैतिकता समितीची, मंजुरी हवी. फॉर्म, दुरुस्त्या, परत फॉर्म यात आठवडे जातात. त्याआधी मार्गदर्शक प्राध्यापक मिळवायचे. म्हणून सोफोमोरच्या दुसऱ्या सेमिस्टरला, फार तर ज्युनिअरच्या सुरुवातीला सदस्य व्हावं, त्याच वर्षी प्रकल्प ठरवावा, आणि सिनिअर वर्षात प्रकल्पाचं पोस्टर घेऊन प्रादेशिक परिषदेला जावं. पोस्टरपुढे उभं राहून अनोळखी माणसाला आपली पद्धत समजावून सांगणं हे शिक्षण वर्गात मिळत नाही.

पीएचडीच्या प्रवेशात नुसत्या सदस्यत्वाचं वजन थोडंच. समिती संशोधनाचा अनुभव आणि शिफारसपत्रं बघते. सीव्हीवर पुरस्कार-सन्मानांखाली नाव आणि वर्ष लिहावं, बास. खजिनदार किंवा उपाध्यक्ष म्हणून काही उभं केलं असेल तर ते वेगळ्या ओळीत, काय केलं ते सांगून.

इथं जन्मलेल्या, अमेरिकन नागरिक असलेल्या मुलांना आणखी एक उपयोग आहे. संघराज्य सरकारच्या नोकरीत बीएवाल्याला सहसा जीएस-५ ही वेतनश्रेणी मिळते. मान्यताप्राप्त राष्ट्रीय ऑनर सोसायटीचं सदस्यत्व असेल तर अनेक पदांसाठी त्याहून वरच्या जीएस-७ साठी पात्र धरतात. फक्त पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या सोसायट्या यात चालत नाहीत.

दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजात असणाऱ्यांसाठी साय-बीटा ही वेगळी संस्था आहे. पुढे चार वर्षांच्या कॉलेजात गेल्यावर साय-कायसाठी तिथं नव्याने अर्ज करायचा.

आणि अर्जात ई-मेल द्यायचा तो स्वतःचा. कॉलेजचा पत्ता पदवीनंतर बंद झाला तर संस्थेचे निरोप पोचत नाहीत.