आजीची मारबत

आजीवरची गोष्ट दोन वर्षं अडली होती. त्यात ती पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी झाडू घेऊन अंगणातला कचरा बाहेर लोटते आणि ओरडते, "पोट्टीचा खोकला घेऊन जा गे मारबत!" मारबत म्हणजे नागपुरात त्या दिवशी मिरवणुकीने निघणारा, इडापिडा घेऊन जाणारा बाईचा पुतळा. मी तिला चिडकी रंगवली होती, आणि तिथेच गोष्ट खोटी वाटायची. शेवटी यंदा पोळ्याला पुण्याहून नागपूरची रात्रीची गाडी धरली. सोबत स्केचबुक.

पोळ्याच्या संध्याकाळी महालातल्या चितारओळीत गेले. गणपती तोंडावर आलेले, ओळीत पाय ठेवायला जागा नाही. एका दुकानात मावशी डोळ्यांची आखणी करत होत्या. करंगळी मूर्तीच्या गालावर टेकलेली, बारीक ब्रश, आणि पापणीची रेघ पुरी होईस्तोवर श्वास रोखलेला. मी त्यांचं चित्र काढतेय हे कळल्यावर म्हणाल्या, "माह्यं नको काढू बाई, गणपतीचं काढ. तो हालून नाही राहिला."

सकाळी तर्री पोहे खाऊन (नाकाडोळ्यांतून पाणी, पण दुसरी प्लेट घेतलीच) इतवारीकडे निघाले. काळी मारबत 1881 पासून निघते, पिवळी 1885 पासून. पिवळी जागनाथ बुधवारीतल्या तऱ्हाणे तेली समाजाची. काळीचा संबंध इंग्रजांना सामील झालेल्या भोसले घराण्यातल्या बाकाबाईशी जोडतात. नेहरू पुतळ्यापाशी दोघी समोरासमोर आल्या तेव्हा गर्दीने मला अक्षरशः उचललं. मागून बडगे, म्हणजे टिंगलीचे पुतळे, येत होते, महागाईचे, पुढाऱ्यांचे. पावसाने एका बडग्याचा कागद सुटला होता आणि आतल्या बांबूच्या कामट्या बरगड्यांसारख्या दिसत होत्या.

पण मी चित्र काढायचं विसरले, ते आरोळ्यांमुळे. शेजारचा पोरगा ओरडला, "डेंगू घेऊन जा गे मारबत!" त्याचा बाप म्हणाला, "रस्त्यातले खड्डे घेऊन जा गे मारबत!" मागून एक म्हातारी, "सुनेचा मोबाईल घेऊन जा गे मारबत!" सून तिच्याच बाजूला उभी, तीही हसत होती. कुणीच चिडलेलं नव्हतं. आजीही तेव्हा हसतच असणार. मी आत खोकत पडलेली, मला नुसता आवाज ऐकू यायचा.

रात्री लॉजवर ते वाक्य बदललं. झाडू तसाच ठेवला. स्केचबुक भिजून फुगलं होतं, त्यातलं एकच पान शाबूत राहिलं: गणपतीचा डावा डोळा. उजवा मला जमलाच नव्हता.